रोह्याचं पाणी

आमचे हे पेणच्या शाळेत तेहतीस वर्षं विज्ञान शिकवत होते, हे मी आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे जे झालं त्याला अडाणीपणा म्हणण्याची कुणाला सोय राहणार नाही. मोरोपंत सर म्हटलं की अर्धं पेण अजून बसल्या जागेवरून उठतं. वर्गात हे जंतूंचं वर्णन असं काही रंगवून करत की पोरं डबा उघडण्याआधी दोनदा हात धुऊन यायची. घरी मात्र यांचा आणि जंतूंचा काहीतरी आपसांत करार झालेला होता. जंतू जगात सगळीकडे असतील, फक्त आमच्या रोह्याच्या विहिरीत नसतील.

रोह्याला यांच्या आजोबांची वाडी होती. वाटण्या होऊन, विकून-बिकून आता पाच गुंठे, चार नारळ आणि ती विहीर उरली आहे. निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षं, दर रविवारी सकाळच्या गाडीने हे रोह्याला जायचे आणि चाकाच्या ट्रॉलीवर पाण्याचे दोन मोठे कॅन बांधून दुपारच्या गाडीने परतायचे. पेणला चोवीस तास नळ आहे, हे यांना मान्य नव्हतं. म्हणजे नळ आहे हे मान्य होतं, त्यातून येतं ते पाणी आहे हे मान्य नव्हतं. "औषधाचा वास येतो," म्हणायचे. पाण्याला औषधाचा वास यावा म्हणूनच त्यात औषध घालतात, हे यांनीच सातवीच्या पोरांना शिकवलं होतं. मी त्यांच्या वह्या तपासायला मदत करायचे, म्हणून मला आठवतं.

आमच्या स्वानंद सोसायटीत हे पाणी प्रसादासारखं वाटलं जायचं. कुणाचं पोट बिघडलं, कुणाला आम्लपित्त झालं, की बाटली घेऊन आमच्या दारात. यांनी त्याची यादी करून फ्रिजवर चिकटवली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या नमिताकडे इतकं, खालच्या ऋतुजाकडे तितकं. सर्वांत वर नाव होतं आमच्या सुनेचं.

आमच्या मुलाचं नाव सुश्रुत. डॉक्टर होईल म्हणून ठेवलं होतं. तो रोज पनवेलला जाऊन कॉम्प्युटरसमोर बसतो. त्याची बायको आसावरी. गेल्या उन्हाळ्यात तिला दिवस गेले, आणि डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं, पावसाळा येतोय, पाणी उकळून गार केलेलंच प्यायचं. आसावरीने घरी येऊन ते सांगितलं मात्र, यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्मा काढला की व्याख्यान असतं.

"उकळलेलं पाणी म्हणजे मेलेलं पाणी," हे म्हणाले. "रोह्याच्या पाण्यात जिवंत क्षार आहेत. माझी आजी त्या पाण्यावर ब्याण्णव वर्षं जगली. तिने कधी पातेलं चढवलं होतं?"

आजीला अकरा मुलं झाली आणि त्यातली पाच जगली, हे मी त्या वेळी बोलले नाही. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात मी बऱ्याच गोष्टी त्या वेळी बोललेले नाही. मी आपली वाट शोधून काढली. हे पहाटे साडेपाचला फिरायला जातात ते सातला येतात. तेवढ्या वेळात मी नळाचं पाणी खळखळून उकळायचे, गार करायचे आणि पिण्याच्या पिंपात भरायचे. रोह्याचं पाणी तुळशीला, मोगऱ्याला आणि उरलं तर फरशीला. आमच्या फरशीइतकी क्षारयुक्त फरशी अख्ख्या रायगड जिल्ह्यात नसेल. आसावरीला सगळं ठाऊक होतं. हे जेवताना पेला उंच धरून "वा! काय गोडी आहे!" म्हणायचे, तेव्हा आम्ही दोघी ताटात बघत बसायचो. सासूसुनेचं असं गुळपीठ बघून शेजारणी जळायच्या.

खरं सांगते, मला त्यात मजा येत होती. तेहतीस वर्षं सगळ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाला रोज तीन वेळा फसवायला मिळत होतं.

गणपती झाले आणि पंधरा दिवसांत सोसायटीत कावीळ आली. आधी नमिताचा नवरा. मग तिची मुलगी. मग तिसऱ्या मजल्यावरच्या शांतीताई, मग ऋतुजाकडचे दोघे. आठ दिवसांत सात माणसं पिवळी. जेवण समोर आलं की ओकारी, लघवी चहासारखी, अंगात त्राण नाही. लोकांनी लगेच आपापल्या परीने उपाय सुरू केले. नमिताच्या सासूबाईंनी कुठूनशी काविळीची माळ आणली. ती गळ्यात घालायची, आणि ती जसजशी लांब होते तसतशी कावीळ उतरते म्हणे. माळ भिजली की दोरा सैल होतो आणि माळ लांबतेच. पण रोगी माणसाला काहीतरी वाढताना दिसलं की बरं वाटतं, आणि कावीळ एरवीही चार-सहा आठवड्यांनी आपल्या पायांनी जाते. त्यामुळे माळेचा लौकिक वाढला.

सोसायटीने साथ निवारण समिती नेमली. अध्यक्ष कोण, ते सांगायला नकोच.

आरोग्य खात्याची अनिता आली. ती यांचीच विद्यार्थिनी, कासूच्या पलीकडच्या शेतकरी घरातली, हुशार मुलगी. हातात फॉर्म, खांद्याला पिशवी. तिने यांना वाकून नमस्कार केला आणि इथेच तिचं चुकलं, कारण त्यानंतर तिला काही विचारण्याची सोय उरली नाही. फॉर्मवर एक प्रश्न होता: पिण्याचं पाणी कुठलं? यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, "नळ." मी चहा घेऊन शेजारी उभी होते.

"सर, दुसरं कुठलं पाणी येतं का बिल्डिंगमध्ये? टँकर, बोअर?"

"दुसरं काही नाही," हे म्हणाले. आणि ते खोटं बोलत नव्हते हो. रोह्याचं पाणी यांच्या लेखी दुसरं नव्हतंच. ते आपलं होतं.

मग अनिताने खाली सगळ्यांसमोर नळाचं पाणी तपासलं. छोट्या काचेच्या नळीत पाणी घेतलं, औषधाचे थेंब टाकले, आणि पाणी हळूहळू पिवळं झालं. अख्खी सोसायटी श्वास रोखून बघत होती. पिवळं झालेलं पाहून ऋतुजा किंचाळली, "बघा! कावीळ!"

"नाय नाय, ताई," अनिता घाईने म्हणाली. "पिवळं होणं चांगलं असतं. म्हणजे पान्यात क्लोरीन हाय, पानी शुद्ध केलेलं हाय."

पण सात जणांचे डोळे पिवळे असताना पिवळं चांगलं असतं हे कोण ऐकून घेणार? आणि तेवढ्यात आमचे हे वर गेले, आणि आपल्या पिंपातलं नव्हे, नेमकं रविवारच्या नव्या कॅनमधलं पेलाभर पाणी घेऊन खाली आले. "आता हे तपास," म्हणाले.

अनिताने थेंब टाकले. पाणी जसं होतं तसंच राहिलं. काचेसारखं स्वच्छ.

"झालं?" हे सगळ्यांकडे वळून म्हणाले. "दिसलं? हे रोह्याचं. रंगसुद्धा बदलला नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. थेंब टाकून रंग न बदलणं म्हणजे पाण्यात जंतू मारणारं काहीच नाही, हे त्या अंगणात दोघींना कळलं होतं. अनिताला आणि मला. अनिता बोलायचा प्रयत्न करत होती. तिला कुणी बोलू दिलं नाही. "अगं, सर तुझे गुरू आहेत," असं तिला ऐकवलं गेलं. मला वाटलं, हे काय, लोकांना आपोआप कळेलच. अनिताने कोपऱ्यात मला हळूच विचारलं, "काकू, ह्ये रोह्याचं पानी कोन कोन पितं हो?" मी म्हटलं, "अगं, थोडंसंच येतं." तेही खोटं नव्हतं.

त्या दिवसापासून हे रविवारबरोबर बुधवारीही रोह्याला जाऊ लागले. कॅन दोनाचे चौदा झाले, ट्रॉलीच्या जागी टेम्पो आला. लोक नळाच्या पाण्याने भांडी घासायलाही कचरू लागले. आणि ज्यांच्या मनात थोडी शंका होती त्यांना हे आमच्या घराचा दाखला द्यायचे. "आमच्या घरात चार माणसं. चारही जण फक्त हेच पाणी पितो. आणि आमची आसावरी तर पोटुशी. कुणाचा डोळा तरी पिवळा झाला?" कसा होईल? चौघंही माझं उकळलेलं नळाचं पाणी पीत होते. यांच्या प्रत्येक पेल्यात मी होते.

एक दिवस भाजी ठेवताना फ्रिजवरच्या यादीकडे माझी नजर गेली. नमिता. शांती. ऋतुजा. वरून खाली वाचत गेले. यादीत असलेल्या जवळजवळ सगळ्या घरी कावीळ होती, आणि यादीत नसलेल्या घरांत फक्त एका घरी. त्या एका घराने मला वाचवलं. मी म्हटलं, बघ, यादीत नसलेल्यालाही झाली की. तो माणूस रोज ऋतुजाकडे पत्ते खेळायला जायचा आणि तिथेच पाणी प्यायचा, हे मला ठाऊक होतं. पण त्या दिवशी मी ते आठवलं नाही. आठवायचं नाही असं ठरवलं की मला बरंच काही आठवत नाही.

आमच्याकडे कामाला मालू यायची, रोहा-पेण वाटेवरच्या कासू गावाहून. सकाळच्या गाडीने यायची, दुपारच्या गाडीने जायची. सात वर्षं आमच्याकडे होती. तिची मुलगी दिपिका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, सातवा लागलेला. जावई रितेश डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर, शिफ्टमध्ये काम करतो. आपल्या हाताखालच्या माणसाच्या मुलीला आपल्याकडून काहीतरी चांगलं जावं, असं यांच्या मनात आलं. मनाने हे वाईट नाहीतच; वाईट असते तर बरं झालं असतं, कुणी ऐकलं नसतं. यांनी ठरवलं की बुधवारी टेम्पोबरोबर न येता आपण गाडीने यायचं आणि कासूला गाडी थांबली की मालूच्या नवऱ्याला, मोरूला, दारातून पाच लिटरचा कॅन द्यायचा.

मालू भांडी घासता घासता थांबली आणि माझ्याकडे वळली.

"काकू, सर दिपिकालापन रोह्याचं पानी देतो म्हनतात. आसावरीताई ह्येच पितात ना?"

हॉलमध्ये वर्तमानपत्राची पानं उलटण्याचा आवाज येत होता. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक पडदा आहे, बस. मी "चल, जरा गच्चीवर कपडे बघू" म्हणू शकले असते. तिच्या कानात सांगू शकले असते. दुसऱ्या दिवशी सांगू शकले असते, तिसऱ्या दिवशीही. हे रोज पहाटे दीड तास बाहेर असतात, हे मी आधी सांगितलंच आहे.

"हो," मी म्हटलं. "हेच पिते."

मालू हसली. "मंग द्या म्हनावं. ताईंना चालतं तर आमच्या पोरीला काय होतंय."

मी पाच आठवडे गप्प राहिले. का, ते नीट सांगता येत नाही. आसावरीचे दिवस भरत आले होते, घरात तमाशा नको वाटत होता. यांचा चारचौघांत पाणउतारा होईल असं वाटत होतं. आणि माझी युक्ती उघडी पडेल असंही वाटत होतं. यात दिपिकाचं नाव कुठेच नव्हतं.

दिवाळी होऊन तीन आठवडे झाले आणि एक दिवस मालू आली नाही. दुपारी तिचा फोन आला. दिपिकाचे डोळे पिवळे झाले होते. दोन दिवस उलट्या होत होत्या, लोक म्हणत होते बाळंतपणाचंच असेल. पेणच्या दवाखान्यात नेलं, त्यांनी तिथून लगेच मुंबईला पाठवलं. पोरगी असंबद्ध बोलत होती, आईला ओळखत नव्हती. नंतर डॉक्टरांनी मालूला सांगितलं ते मालूने मला सांगितलं: ही पाण्यातून होणारी कावीळ इतरांना झोपवते आणि सोडून देते, गरोदर बाईचं मात्र यकृत धरते, शेवटच्या महिन्यांत तर जीवच घेते. म्हणूनच त्यांना उकळून प्यायला सांगतात.

फोन ठेवून मी हॉलमध्ये गेले. हे काविळीवर लेख लिहीत बसले होते, गावातल्या एका साप्ताहिकासाठी. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पहाट, पातेलं, पिंप, तुळस. यांनी चष्मा काढला. मी व्याख्यानाची वाट पाहिली. ते आलं नाही.

"म्हणजे मी पण?" यांनी विचारलं.

"तुम्ही पण. जूनपासून."

यांनी लेखाचा कागद मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "तू मला सांगायचं होतंस."

"ऐकलं असतंत?"

यांनी खरोखर विचार केला. "नसतं," म्हणाले. मग उठून फोन घेतला आणि अनिताला लावला. "अनिता, मी फॉर्म चुकीचा भरला होता. उद्या माझ्याबरोबर रोह्याला येशील का?"

अनिता गेली. विहिरीजवळ उभं राहून तिने नुसती मान वळवली आणि तिला सगळं कळलं. वाडीची एक पट्टी यांनी गेल्या साली एका बिल्डरला दिली होती. तिथे तीन मजले उठले होते आणि त्या इमारतीच्या संडासांचा शोषखड्डा विहिरीपासून बारा-तेरा पावलांवर होता. इमारत उठल्यापासूनचे नऊ महिने हे दर रविवारी तिथे जात होते. पाणी शेंदताना माणूस खाली बघतो, बाजूला नाही. अनिताने पाणी एका तपासणीच्या बाटलीत भरून घेतलं. दुसऱ्या दिवशी बाटली काळी पडली, म्हणजे पाण्यात मैला मिसळला होता. यांनी ती स्वतः सोसायटीच्या अंगणात नेऊन सगळ्यांना दाखवली.

नंतर हे यादी घेऊन दारोदार फिरले. चौदा घरं. प्रत्येक दारात हात जोडून एकच वाक्य. "माझ्या पाण्याने झालं, मला क्षमा करा." शांतीताईंनी दार तोंडावर लावलं, तरी जोडलेले हात तसेच. बिल्डरला नोटीस गेली, विहिरीवर जाळी आली, आणि हे रोज सकाळी खालच्या टाकीतलं पाणी अनिताच्या थेंबांनी तपासू लागले. पिवळं झालं की वहीत सही करतात. या माणसाची मी त्रेचाळीस वर्षं मनातल्या मनात जेवढी चेष्टा केली, तेवढी त्या आठवड्यात एकदाही करता आली नाही. मला थोडं चुकल्यासारखं झालं.

माझं मात्र सोसायटीत फार कौतुक झालं. "विमलकाकू होत्या म्हणून घर वाचलं." "बाईच्या जातीला अक्कल असते ती अशी." नमिताने तर महिला मंडळात माझा सत्कार ठेवला, शाल आणि नारळ. मी नको नको म्हणत शाल घेतली. आसावरीला मुलगा झाला, साडेसात पौंडांचा, रंगाने गोरा, डोळे स्वच्छ.

दिपिका बारा दिवस बेशुद्ध होती. ती जगली. मुलगी होती, ती पोटातच गेली होती.

महिन्याने मी कासूला गेले. मालूने कामाला येणं बंद केलं होतं, फोनवर नुसतं "जमत नाय" म्हणायची. स्टेशनवरून चालत गेले, हातात फळं आणि आसावरीने दिलेली साडी. बाहेरच्या पडवीत दिपिका भिंतीला टेकून बसली होती. इतकी वाळलेली की मी आधी ओळखलंच नाही. तिने मला पाहिलं आणि पदर नीट केला. मालू आतून आली, मला बसायला पाट दिला.

मी बोलायला सुरुवात केली. यांना किती वाईट वाटतंय, झोप लागत नाही, लेख लिहायचं सोडलं, विहीर बुजवायला काढली. स्वतःबद्दल बोलायला वाक्य सापडत नव्हतं, म्हणून यांच्याबद्दलच बोलत राहिले.

"सर येऊन गेले," मालू म्हणाली. "दोनदा आले. माज्या पाया पडाया लागले, मोरूनं उचलून धरले. मी म्हनलं, सर, तुमाला कुटं म्हाईत व्हतं? तुमी आपलं चांगलं म्हनून दिलंत."

"हो ना," मी म्हटलं. "त्यांना खरंच ठाऊक नव्हतं गं."

मालूने माझ्याकडे पाहिलं. ती रागावलेली नव्हती. सात वर्षं ती जशी विचारायची, आज भाजी कुठली काकू, तशाच आवाजात म्हणाली:

"पन मी सरांना इचारलं नव्हतं, काकू. मी तुमाला इचारलं व्हतं."

मग ती दिपिकाचं औषध आणायला आत गेली.